काळ्या खडकापाशी

पूर्णा, भिवंडी
गुरुवार

प्रिय जागृती,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या मनात नको ते आलं असेल, म्हणून आधीच सांगते, तुझा बा हिंडतो-फिरतो आहे. माझे फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. नाकावरचा राग तुला तुझ्या आईकडून आलाय, त्याला तू तरी काय करणार! पोस्टाने पत्र वेळेत पोचायचं नाही, म्हणून आमच्या गावच्या सागरच्या हाती देते आहे, तो टेम्पो घेऊन नाशकाला निघालाय. कमळमावशीचं पत्र तू न वाचता फाडणार नाहीस, एवढा माझा हक्क आहे. लहानपणी माझ्या तव्यावरच्या तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा तूच ओरबाडून खायचीस. तर बातमी अशी, की रविवारी संध्याकाळी आमच्या पूर्ण्याला, नव्या गोदामाच्या आवारात जिव्याचा, तुझ्या बाचा, कार्यक्रम आहे. माझ्याच पोराने, प्रितेशने ठेवलाय. नाक्यानाक्यावर बॅनर लागलेत, तुझ्या बाचा फोटो माणसापेक्षा मोठा. जन्मभर मी त्याच्या कार्यक्रमांची वाट बघत आले आणि हा एक होऊ नये असं मला वाटतंय. मला भीती वाटते, जागृती. रविवारी तो गाण्यातून परत येणार नाही, अशी भीती. खुळ्यासारखं वाटेल तुला, पण मला पहिल्यापासून सांगू दे. मी बोलायला लागले की थांबत नाही हे तुला ठाऊक आहेच, तेव्हा चहा ठेव आणि वाच.

मी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते धामणकर नाक्यावर. कॉलेजात होते. बाबांबरोबर भाताचं बियाणं आणायला आले होते. मागांची सुट्टी असावी, कारण नाका गप्प होता, आणि आमच्या भिवंडीत नाका गप्प असला की कानाला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. एका कारखान्याच्या दारात हातगाडीवर एक काटकुळा पोरगा उभा, गळ्यात विजेवरची गिटार, तिची वायर खिडकीतून आत गेलेली. ड्युटीवर असला की तो त्याच कारखान्यात माग चालवायचा. त्याच्या उजव्या हाताला मागाचीच लय बसली होती, खटक-खट, खटक-खट, आणि त्या लयीवर तो डोंगराकडचं गाणं गात होता. तशी गाणी मी भातलावणीला येणाऱ्या बायांच्या तोंडून ऐकली होती, पण अशी अंगावर धावून येणारी कधीच नाही. शेजारी आझमगढचा एक चाचा मान डोलवत होता. बाबांनी त्याला विचारलं, तुला काय कळतंय रे? तो म्हणाला, मतलब नहीं समझा सेठ, लेकिन अपने गाँव का रास्ता दिख रहा है. मध्येच लाइट गेली. गिटार मुकी झाली, तरी जिव्या थांबला नाही, हातगाडीच्या फळीवर पाय आपटत गातच राहिला. बाबा माझा दंड धरून ओढत होते आणि मी हलत नव्हते. बियाणं त्या दिवशी राहूनच गेलं.

ते गाणं म्हणजे ‘वाट’. दार सोडलं, मोह धर रे. मोह सोडला, झरा धर रे. झरा सोडला, उतार धर रे. उतार सोडला, खडक धर रे. अख्ख्या तालुक्याला पाठ आहे, लूमवाल्या भैय्यांपासून आमच्या गोदाममालकांपर्यंत. पण ते काय आहे हे मला तुझ्या आईने सांगितलं. मी वेड्यासारखी कार्यक्रमामागून कार्यक्रम ऐकत फिरायचे आणि चंद्रा मला मंडपामागे बसवून चहा पाजायची, तशी आमची मैत्री झाली. दिघाशीच्या वरच्या तुमच्या पाड्यावर माणूस गेलं, की दिवसाच्या कार्याला तुझा आजा दोन भोपळ्यांची घांगळी वाजवत बसायचा आणि गेलेल्या जिवाला नाव घेऊन वाटेला लावायचा. घराच्या दारापासून मोहाच्या झाडापर्यंत, तिथून झऱ्यावर, तिथून नदीच्या उतारावर, तिथून काळ्या खडकापाशी. खडकापलीकडे खिंड. खिंडीत फक्त मेलेल्याने जायचं. गाणाऱ्याने त्याला खडकापाशी सोडायचं आणि तीच सगळी नावं उलटी घेत, उतार, झरा, मोह करत, दारात परत यायचं. परतीचं गायलं नाही तर गाणारा तिकडेच राहतो. म्हणून तो खडकाशी पोचला की घरच्या एका माणसाने त्याला हाक मारायची, घराकडं ये रे. हाक आल्याशिवाय त्याने पाठ फिरवायची नाही. चंद्रा हे सांगत होती ते चुलीवर काय शिजलंय हे सांगावं तसं.

मग कॅसेट निघाली. कॅसेटवाल्याने काय केलं, तर गाणं लांब होतं म्हणून परतीचा भाग कापला. तुझा बा भांडला, पण तेव्हा त्याचं कोण ऐकतंय! कॅसेट तुफान चालली, आणि अर्धं गाणं ऐकलेल्या लोकांना वाटलं, दार सोडायचं गाणं म्हणजे नवरी सासरी निघाल्याचं. झालं! भिवंडी, कल्याण, पार वाड्यापर्यंत प्रत्येक लग्नात नवरी निघाली की वाट वाजायला लागली. नवरीचं नाव घालून बायका गायच्या आणि डोळे पुसायच्या. माझ्या लग्नात तर मीच हट्ट धरला होता. मला सगळं माहीत होतं तरी! जिव्याचं गाणं नाही तर मी पाऊल टाकणार नाही, म्हणाले. प्रेमापुढे माणूस आंधळं होतं, आणि माझं त्या गाण्यावर प्रेम होतं, कोणी काही म्हणो. बॅण्डवाल्याने सुरू केलं, बायांनी धरलं, दार सोडलं, मोह धर ग कमळे. मी उंबरठा ओलांडणार तेवढ्यात तुझी आई बायांना ढकलत पुढे आली आणि गर्दीत उभी राहून ओरडली, कमळे, घराकडं ये! सगळा मांडव हसला. माझी सासू म्हणाली, ही कोण बाई, निघाल्या नवरीला मागे बोलावते? चंद्राचं तोंड पांढरं पडलं होतं. मी मागे वळून तिच्याकडे बघितलं तेव्हा कुठे ती खाली बसली. मी आज साठीला टेकले, नातवंडं खेळवते, आणि कधीकधी वाटतं, ते तिच्या त्या ओरडण्यामुळे.

स्टेजवर मात्र तुझ्या बाने परतीचं कधी सोडलं नाही. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं वाट असायचं. खडक आला की डावीकडून चंद्राची हाक यायची, माइक नाही, काही नाही, शेतातून मारतात तशी. मग तो परतीचं गायचा. पण लोकांना कॅसेटपुरतंच ठाऊक. त्यांच्या लेखी गाणं संपलेलं असायचं. ते उठायचे, चपला शोधायचे, पोरांना हाका मारायचे, आणि हा रिकाम्या होत जाणाऱ्या मैदानाला उतार, झरा, मोह गाऊन दाखवायचा. मी शेवटपर्यंत बसायचे. माझे मालक बाहेर गाडीचा हॉर्न वाजवायचे आणि घरी जाताना चिडवायचे, आलं का तुझं दैवत दारात, का अजून झऱ्यावर पाणी पितंय? लोकही बोलायचे, आगऱ्यांच्या चांगल्या घरची बाई वारली माणसाच्या गाण्यापायी गावोगाव फिरते. बोलेनात का! खरं सांगू, त्याची बाकीची गाणी मोठी आहेत, त्यांच्यावर लोकांनी लेख लिहिलेत, दिल्लीला बोलावून शाली घातल्यात. पण ती परतीची ओळ ऐकून मला घरी जाऊन दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक करायचं बळ यायचं. ते शालींनी समजायचं नाही.

तुझी आई गेली, तेव्हा हाक तुझ्या भावाने, भावेशने उचलली. त्याचा आवाज किती कोवळा, तरी पोचायचा. गोदामातून शिफ्ट संपवून, अंगावर ते केशरी जाकीट तसंच, मोटरसायकलवर धडपडत यायचा आणि डावीकडे येऊन बसायचा. त्याच गोदामात त्याच्या अंगावर रॅक कोसळलं. मी तुला त्याबद्दल काय सांगू, तू त्याचं अंग पुसलंस. त्याच्या दिवसाला पाड्यावर घांगळी वाजवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून बापाने आपल्या पोराला स्वतः वाटेला लावलं. मी दारात उभी होते, जागृती. तो खडकापाशी येऊन थांबला आणि कोणी काही बोलेना. मग तू हाक मारलीस. बा, घराकडं ये. तुझा गळा पार फाटला होता. आणि तो आला, रडत रडत, एकेक नाव घेत आला. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्यानंतर महिनाभरात त्याने स्टेजवर भावेशचं नाव घालून वाट गायलं आणि तू त्याच्या तोंडावर म्हणालीस, माझ्या भावाला बाजारात बसवलंस. तू बरोबर होतीस की तो, यात मी पडत नाही. मला तेव्हा तुझंच पटलं होतं. तू नाशकाला गेलीस, नर्स म्हणून रुजू झालीस, त्याला न कळवता नंबर बदललास. त्याने तक्रार केली नाही. पण तेव्हापासून तो परतीचं गात नाही. साथीची पोरं म्हणतात नवी अरेंजमेंट आहे, म्हाताऱ्याला दम लागतो. पेपरातही तसंच आलं, की आता गाणं अधिक धारदार झालंय. धारदार! शहापूरला तो खडकाशी थांबला आणि तिथेच गिटार खाली ठेवून निघून गेला. मंडपामागे मी भेटायला गेले तर मला ओळखेना. हात बर्फासारखे. सकाळी फोन करून विचारतो, कमळताय, काल तू आली होतीस का?

वाड्याला त्याहून वाईट. मी त्याला चाळीस वर्षं ऐकतेय, गाण्यातला त्याचा श्वाससुद्धा मला पाठ आहे. परत यायचं असलं की ओळ असते, खडक सोडला, उतार धर रे. वाड्याला त्याने गायलं, खडक सोडला, खिंड धर रे. ही ओळ आजवर कधी कोणी गायलेली नाही, तुझ्या आज्यानेही नाही. मी उभीच राहिले. आजूबाजूची माणसं मोबाइल वर धरून शूटिंग करत होती. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, काय भारी नवीन लाइन आहे ना काकू!

तू नर्स आहेस, तू म्हणशील, मावशी, हे मनाचं दुखणं आहे. असेल ग, मी कुठे नाही म्हणते? मी त्याला शहरात मोठ्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या दिल्या. त्या उशाशी तशाच पडल्यात. जेवण नावाला. परवा दुपारी डबा घेऊन पाड्यावर गेले, तर तो ओटीवर बसून घांगळीच्या तारा लावत होता आणि गुणगुणत होता, दार सोडलं, मोह धर रे जिव्या. जिव्या, जागृती. भावेश नाही. मी त्याला फैलावर घेतलं, म्हातारचळ लागलाय का, स्वतःचं नाव कोणी घालतं का? तो शांतपणे हसला. म्हणाला, कमळताय, जाताना मला मोह दिसतो, झरा दिसतो. मेलेल्याला जुनं सगलं दिसतं, त्याच्या डोल्यानं मला पण दिसतं. परत येताना मी एकला. मग मोह न्हाय, झरा न्हाय, नुसत्या पत्र्याच्या भिंती. खडक तर फोडून भरावात टाकला. सांग, कुठून येऊ? त्यातल्या काही भिंती आमच्या आहेत. बाबांची जमीन आम्ही गोदामाला दिली, तिच्यावर आमचं घर चालतं.

निघताना त्याने आतून गिटार आणली आणि माझ्या हातात ठेवली. तीच, हातगाडीवरची, कोपऱ्याचा रंग उडालेली. म्हणाला, तूच ठेव, तुझ्याएवढं हिला कोनी ऐकलं न्हाय. रविवारी घांगळीवर गाईन. बघ कशी गंमत आहे, ज्या वस्तूला नुसता हात लावायला मिळावा म्हणून मी तरुणपणी नवस बोलले असते, ती आता माझ्या कपाटाशेजारी उभी आहे आणि मला ती घरात नकोशी झालीय. मी तिच्यावर चादर टाकलीय. तरी जाता-येता नजर तिकडेच जाते.

प्रितेशला सांगितलं, कार्यक्रम बंद कर. तो म्हणाला, आई, आमदार येतायत, अर्धा तालुका येतोय, आणि तू गाण्याला घाबरतेस? पोराचं काय चुकलं, त्याला गाणं म्हणजे स्पीकर आणि लाइट. मग मी तुझ्या बालाच म्हटलं, तू नाही म्हण. तर म्हणतो, इथं नको तर घरी गाईन. घरी तो एकटा आहे, जागृती. घरी गायला तर कोणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून मी आता बंद करा म्हणत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते. वाड्याला ती खिंडीची ओळ ऐकून मी हाक मारली होती. बाईमाणसाने भर मंडपात ओरडायचं नसतं, पण मी ओरडले, जिवादादा, घराकडं ये! त्याने माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. परवा ओटीवर त्याला त्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, तुझी हाक आली कानावर, पण तुझं घर पूर्ण्याला. तिकडं येऊन मी काय करू? चाळीस वर्षं मी त्याचं गाणं उराशी धरलं, आणि त्याच्या घरची मी नाही, हे मला त्या दिवशी कळलं. फार लागलं मला ते. घरची आता तू एकटीच आहेस. आणि एक गोष्ट मी बघितलीय, ती दुसऱ्या कोणी बघितलेली नाही. शहापूरला आणि वाड्यालाही, खडकाचं नाव घेतल्यावर तुझा बा थांबला होता. तार बंद, ओठ बंद, मान डावीकडे. तिकडे चंद्रा बसायची, मग भावेश बसायचा, आता तिथे स्पीकरचा खोका असतो. तो त्या खोक्याकडे बघत थांबतो ग. ज्याला जायचंच आहे तो थांबेल कशाला? पण लोकांना वाटतं गाणं संपलं, आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. शहापूरला मीही वाजवल्या. त्या आवाजात तो काय ऐकणार, आणि टाळ्या ओसरतात तोवर त्याची मान समोर वळलेली असते. वाड्याला तो शहापूरपेक्षाही कमी थांबला. रविवारी किती थांबेल, मला सांगता येत नाही. तू ये. त्याला माफ करू नकोस, त्याच्याशी बोलू नकोस, हवं तर त्याच्याकडे बघूही नकोस. रागावलेली आहेस तशीच ये, सागर परतताना तुला घेऊन येईल. तो खोका मी प्रितेशला उचलायला लावणार आहे आणि डावीकडे तुझी खुर्ची मी स्वतःच्या हाताने ठेवणार आहे. खडकाचं नाव आलं की मी स्टेजसमोर उभी राहून दोन्ही हात वर करणार, आमदाराच्या तोंडासमोर उभं राहावं लागलं तरी. म्हणू देत लोक, म्हातारी वेडी झाली. जन्मभर मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, रविवारी टाळ्या मी थांबवते. हाक तू मार.

दारात तुझी वाट बघणारी,
तुझीच,
कमळमावशी